रात्रीच्या भयाची साक्ष
(नागपूर येथे झालेल्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी वसतिगृहाचा अहवाल वाचते. किती मुली दहावी झाल्या, किती नर्सिंगला गेल्या, धान्य किती आले, छपराचे काम कुठवर आले. तो अहवाल यंदा छापून तुमच्या हातात दिला आहे, घरी गेल्यावर जरूर वाचा. मला मिळालेल्या वेळात मी आज रात्रीबद्दल बोलणार आहे. जी गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना घडली असेल, पण जिची साक्ष आपण मंडळीत कधी देत नाही, तिच्याबद्दल.

२०२४ चा पावसाळा. शाळा सुरू होऊन महिना झाला होता. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडून आलेली आपली एक माडिया मुलगी, नववीतली, पहाटे माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. अंग घामाने भिजलेले. म्हणाली, “ताई, कोणीतरी माह्या छातीवर येऊन बसते. मी जागी असते, सगळं दिसते, पण मले हातपाय हलवता येत नाही. आवाजच निघत नाही.” कोण बसते, असे मी विचारले. ती म्हणाली, “म्हातारी बाई.”

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट साऱ्या वसतिगृहात पसरली. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, “मॅडम, हे काही साधंसुधं नाही वाटत मले.” त्यांनी त्या मुलीच्या उशाखाली विळी ठेवली आणि दाराला लिंबू बांधले. मी रागावून लिंबू काढून टाकले. आपण ख्रिस्ती माणसे, आपल्या घरात हे चालायचे नाही, असे मी त्यांना सुनावले.

आणि मग मी काय केले? विळीच्या जागी मी पवित्र शास्त्र ठेवले. मुलीला तेल लावले. रात्रीची जागरण प्रार्थना सुरू केली आणि मुलींना तीन वाजता उठवून बसवले. हे मी भक्तीनेच केले, यात खोटे काही नव्हते. पण त्या लेकरांना कळले ते एवढेच, की ताईसुद्धा घाबरली आहे, म्हणजे खोलीत खरोखरच काहीतरी आहे. चौथ्या रात्रीपर्यंत आणखी तिघींच्या छातीवर कोणीतरी येऊन बसले.

त्या मुलीला मी एकांतात आणखी एक प्रश्न विचारला होता. तो आठवला की आजही मान खाली जाते. मी विचारले होते, “तुझ्या मनात काही पाप लपलेले आहे का?” ती रडली. तिला सांगण्यासारखे काहीच नव्हते.

हा प्रश्न माझा स्वतःचा नव्हता. बावीस वर्षांची असताना तो मलाच विचारला गेला होता. मी तेव्हा ईश्वरविज्ञानाच्या पदविकेचा अभ्यास करत होते. परीक्षेच्या दिवसांत एका पहाटे मी जागी झाले. पंखा दिसत होता, खिडकी दिसत होती, शेजारच्या खाटेवरची मैत्रीण दिसत होती, पण माझे शरीर माझे नव्हते. मच्छरदाणीपाशी काहीतरी काळे उभे होते आणि छातीवर धान्याचे पोते ठेवल्यासारखा भार होता. मी येशूचे नाव घ्यायचा प्रयत्न केला, तर जीभ हलेना. तेच सगळ्यात भयंकर वाटले. बरोबरच्या एका थोरल्या विद्यार्थिनीला सांगितले, तेव्हा तिने मला लपलेल्या पापाबद्दल विचारले. त्यानंतर मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत नागपुरात रोज कोणाचे ना कोणाचे जाणे कानावर येत होते. त्या दिवसांत हा प्रकार परत सुरू झाला, तेव्हाही मी गप्पच राहिले. वीस वर्षे जे दडवून ठेवले तेच मी एका चौदा वर्षांच्या मुलीच्या पदरात टाकले.

यातली सर्वांत कठीण गोष्ट यानंतर घडली. त्या आठवड्यात मुलीचे काका भेटायला आले. मुलीने त्यांना सांगितले की ती म्हातारी आपल्या गावातल्या शेजारच्या आजीसारखी दिसते. ही आजी विधवा, एकटी राहणारी. काकांचा चेहरा बदलला. “आमाले आधीच शंका होती, ताई,” एवढेच ते बोलले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

बंधुभगिनींनो, त्याच वर्षीच्या मे महिन्यात एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला आणि एका पुरुषाला मारून जाळण्यात आले होते. ती बातमी आपण सर्वांनी वर्तमानपत्रात वाचली होती. काका गेल्यावर मला तीच आठवली. माझ्या वसतिगृहातल्या मुलीचे स्वप्न एका म्हातारीच्या दारापर्यंत पोहोचले होते, आणि जागरण घालून त्या स्वप्नाला खरेपणा मी दिला होता.

गावच्या आशाताईंना रात्रभर फोन लावला. रेंज नव्हती. सकाळी सातला त्यांचा फोन लागला, तेव्हा मी सगळे सांगितले आणि आजीकडे लक्ष ठेवायला सांगितले. गावी निघण्याआधी मी मुलीला घेऊन मेडिकलच्या मानसोपचार विभागात गेले. गावात जाऊन काय सांगायचे, तेच मला ठाऊक नव्हते.

तिथल्या डॉक्टरांनी मुलीचे ऐकून घेतले आणि मग माझ्याकडे वळून विचारले, “तुम्हाला कधी झालंय का असं?” मी हो म्हटले. आयुष्यात पहिल्यांदा हो म्हटले. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटते, तिचे अर्धे भय तिथेच गेले.

डॉक्टरांनी जे समजावले आणि नंतर मी जे वाचले ते सोप्या शब्दांत सांगते. आपली झोप एकसारखी नसते. साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी ती कधी गाढ होते, कधी स्वप्नांची होते. १९५३ साली शिकागोतल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन या संशोधकांनी दाखवून दिले की झोपेच्या एका टप्प्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात. स्पष्ट स्वप्ने बहुतेक याच टप्प्यात पडतात. तेव्हा मेंदू हातापायांचे स्नायू तात्पुरते सैल करून टाकतो, म्हणजे स्वप्नात धावणारा माणूस खाटेवरून उठून धावत नाही. श्वासाचा पडदा आणि डोळे मात्र चालू राहतात. देवाने आपल्या रक्षणासाठी घातलेली ती कडी आहे, असे मी म्हणते.

कधी कधी मन जागे होते आणि कडी उघडायला थोडा उशीर होतो. काही सेकंद, कधी काही मिनिटे. डोळे उघडे असतात, खोली खरी असते, पण स्वप्नाचा उरलेला भाग त्या खोलीत मिसळतो. छातीचे स्नायू सैल असल्याने मुद्दाम खोल श्वास घेता येत नाही, म्हणून कोणी दाबते आहे असे वाटते. मेंदूतला धोक्याची सूचना देणारा भाग जागा असतो, म्हणून खोलीत कोणी आहे असे वाटते. डॉक्टर याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, मराठीत निद्रा पक्षाघात. पक्षाघात हा शब्द ऐकून घाबरू नका. लकव्याशी त्याचा संबंध नाही, आणि तो आपोआप सुटतो.

हे किती जणांना होते? २०११ साली ३५ अभ्यासांतली माहिती एकत्र करून पाहण्यात आली. सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला होता. विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २८ टक्के निघाले. म्हणजे आज या सभागृहात शंभर माणसे असतील, तर सात-आठ जणांना मी काय बोलते आहे ते आतून कळत असेल. हात वर करायला मी सांगत नाही.

अपुरी झोप, झोपण्याउठण्याच्या वेळा बदलत राहणे, रात्रपाळी, मनावरचा ताण, उताणे झोपणे, यांनी ते वाढते. डॉक्टरांनी मुलीच्या झोपेचा हिशेब मांडला. रात्री साडेअकरापर्यंत गप्पा आणि अभ्यास, पहाटे चारला उठणे, आणि त्यात मधोमध माझी तीन वाजताची प्रार्थना. जेमतेम चार तास. तिच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. ज्या गोष्टीने हा प्रकार वाढतो तीच गोष्ट मी औषध म्हणून देत होते.

जगभर लोकांनी या अनुभवाला आपापली नावे दिली आहेत. आपल्याकडे कोणी मुंजा म्हणतो, कोणी हडळ. इंग्रजीत दुःस्वप्नाला नाइटमेअर म्हणतात, त्यातला मेअर म्हणजे झोपलेल्याच्या छातीवर बसणारा जुन्या युरोपातला पिशाच. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरचे कोळी त्याला म्हातारी चेटकीण म्हणत. जपानी लोक कानाशिबारी म्हणतात, म्हणजे धातूने जखडल्यासारखे होणे. हेन्री फ्यूजली या चित्रकाराने १७८१ साली लंडनमध्ये एक चित्र काढले. त्यात झोपलेल्या बाईच्या छातीवर एक विद्रूप प्राणी बसलेला आहे. त्या चित्रकाराने माडिया गाव पाहिले नव्हते आणि आपल्या मुलीने ते चित्र पाहिलेले नाही. शरीर सगळ्यांचे एकच, आणि अंधारात दिसणाऱ्या आकृतीला चेहरा प्रत्येक जण आपल्या गावातला देतो.

इजिप्त आणि डेन्मार्क या देशांतल्या लोकांची तुलना करणारा एक अभ्यास झाला आहे. इजिप्तमध्ये पुष्कळ जण याला जिनाची बाधा समजत होते. त्यांना भय जास्त वाटे, आपण यात मरू असे वाटे, आणि तो प्रकार जास्त वेळ टिके. भयाने झोप उडते, झोप उडाली की प्रकार वाढतो, तो वाढला की भय वाढते. आपल्या वसतिगृहात चार रात्रींत मी हेच चक्र फिरताना पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावाकडे निघालो. आलापल्लीच्या पुढे पाऊस होता, रस्त्यात दोनदा थांबावे लागले. गावात पोहोचलो तेव्हा आजी आपल्या घरी होत्या, दार आतून लावलेले. काका, गावचे गायता, पुजारी आणि चार-पाच माणसे जमली. मी भाषण दिले नाही. मी फक्त माझी गोष्ट सांगितली. माझ्या छातीवरही कोणीतरी बसत होते, पंचवीस वर्षांपूर्वी, आणि तेव्हा मी या गावाचे नावही ऐकले नव्हते, असे सांगितले. ही आजी तेव्हा मला कशी दाबायला येणार? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग पुजारी म्हणाले, माझ्या बायकोलाही असे होते. मग आणखी एक जण बोलला. आशाताईंनी झोपेचे आणि शरीराचे माडियात समजावले. माझ्यापेक्षा कितीतरी चांगले समजावले.

मी आणि आशाताईंनी कायद्याचीही आठवण दिली, पण शेवटी आणि हळू आवाजात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, कोणाला करणी करणारी ठरवून तिचे जगणे कठीण करणे, हे त्या कायद्याने गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे आणि दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. हा कायदा जंगलातल्या पुजाऱ्याला जसा लागू आहे तसाच शहरातल्या प्रार्थना सभेत माणसाला मारहाण करून भूत काढणाऱ्यालाही लागू आहे, हे आपण ख्रिस्ती लोकांनी ध्यानात ठेवावे.

ती आजी आज आपल्या घरात राहते. सगळे छान झाले असे मी सांगणार नाही. कितीतरी दिवस तिच्या घरी कोणी पाणी प्यायला गेले नाही. गेल्या उन्हाळ्यात मी गेले, तेव्हा तिने मला चिंच दिली आणि काही बोलली. आशाताईंनी सांगितले, ती विचारते आहे, पोरीला आता झोप येते का?

प्रियजनहो, गावाहून परतल्यावर मी ईयोबाचे पुस्तक पुन्हा वाचले. चौथ्या अध्यायात अलीफज आपला रात्रीचा अनुभव सांगतो. माणसे गाढ झोपेत असतात त्या वेळी त्याला भीती घेरते, हाडे थरथरतात, अंगावर काटा येतो, आणि समोर एक आकृती उभी राहते जी त्याला ओळखता येत नाही. हा अनुभव मला इतका ओळखीचा वाटला की मी पुस्तक मिटून ठेवले. मग अलीफज काय करतो? त्या रात्रीच्या भयाचा आधार घेऊन तो राखेत बसलेल्या ईयोबाला दोष देऊ लागतो. ईयोबालाही भयंकर स्वप्ने पडतात, हे सातव्या अध्यायात आहे. आपले अंथरुणसुद्धा आपल्याला विसावा देत नाही, अशी त्याची तक्रार आहे. पण तो कोणाकडे बोट दाखवत नाही, देवाशीच भांडतो. आणि शेवटच्या अध्यायात देवाचा राग भडकतो तो अलीफजावर आणि त्याच्या दोन मित्रांवर. रात्री आलेल्या भयाच्या जोरावर दिवसा दुसऱ्याला दोषी ठरवू नये, हा धडा मी त्यातून घेतला. काका अलीफज झाले होते, आणि मुलीला पापाबद्दल विचारणारी मीही.

दुसरा उतारा एलीयाचा, १ राजे १९. तो घाबरून पळालेला आहे, मरण मागतो आहे आणि झुडपाखाली पडला आहे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो आणि पुन्हा झोपू देतो. दुसऱ्यांदाही आधी खायलाच देतो. पर्वतावरची वाणी त्यानंतर येते. थकलेल्या माणसाला आधी झोप आणि जेवण, हा क्रम देवाने घातलेला आहे आणि मी तो उलटा केला होता.

मग आम्ही वसतिगृहात काय बदलले ते सांगते. साडेनऊला दिवे बंद, साडेपाचला उठणे. प्रार्थना संध्याकाळी जेवणानंतर, सर्वांनी मिळून, गाण्यासहित. रात्रीचा चहा बंद. खोलीत एक मंद दिवा. शक्यतो कुशीवर झोपायचे. मुलींच्या जोड्या लावल्या. शेजारची मैत्रीण धडपडताना किंवा विव्हळताना दिसली तर तिच्या हाताला हात लावायचा आणि हळू नाव घ्यायचे.

आणि तो प्रकार झालाच, तर काय करायचे? पहिले म्हणजे झगडायचे नाही. हे झोपेचे आहे, सुटणार आहे, असे मनात म्हणायचे. साऱ्या शरीराला उठवण्याचा प्रयत्न न करता पायाचा अंगठा किंवा एक बोट हलवायचा प्रयत्न करायचा. श्वास सावकाश सोडायचा. आम्ही मुलींना शिकवले की श्वास सोडताना मनात फक्त एवढे म्हणायचे, प्रभू, तू इथे आहेस. जीभ हलत नसली तरी चालते. प्रार्थना जिभेवर अवलंबून नाही, हे मला बावीसाव्या वर्षी कोणीतरी सांगायला हवे होते.

वाईट स्वप्नांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्या मुलीचे वडील दोन वर्षांपूर्वी नाल्याच्या पुरात गेले होते. पाऊस सुरू झाला की तिला पाण्याची स्वप्ने पडत. डॉक्टरांनी एक साधी रीत शिकवली. दिवसाउजेडी ते स्वप्न वहीत लिहायचे किंवा चित्र काढायचे, शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा, आणि तो नवा शेवट रोज थोडा वेळ डोळ्यांसमोर आणायचा. तिने चित्र काढले. त्यात वडील डोंगी काठाला बांधतात, तिच्याजवळ येतात आणि विचारतात, जेवलीस का? स्वप्ने एकदम थांबली नाहीत. आधी रोज पडायची, मग आठवड्यातून एकदा, आता क्वचित. पण ती रडली ते वडिलांसाठी रडली, भुताच्या भयाने नाही. त्या रडण्याला आम्ही जागा दिली.

लहान मुलांचे आणखी वेगळे. रात्रीच्या पहिल्या प्रहरी पाच-सहा वर्षांचे मूल किंचाळत उठून बसते, कोणाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. ते गाढ झोपेतले दचकणे असते. त्याला हलवून जागे करू नका, इजा होणार नाही एवढे पाहा आणि जवळ बसा. बहुतेक मुलांचे वयाबरोबर जाते.

आता एक सावधगिरीची गोष्ट, आणि ती कृपा करून प्रत्येकाने लक्षात ठेवावी. रात्री अंग हलेना झाले म्हणजे ते प्रत्येक वेळी झोपेचेच असते असे नाही. आपल्या भागात मण्यार साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा पुष्कळदा कळतही नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते. झोपेचा प्रकार काही मिनिटांत सुटतो. हा सुटत नाही, वाढत जातो. अशा वेळी पुजारीही नको आणि नुसती प्रार्थनाही नको, ताबडतोब सर्पदंशाची लस असलेले रुग्णालय गाठायचे. तसेच ताप असताना माणूस बरळू लागला, झटके आले, शुद्ध हरपली, तर मेंदूचा मलेरिया असू शकतो. त्याच वेळी रक्त तपासले पाहिजे. सिकलसेल असलेल्याच्या छातीत दुखून दम लागत असेल तर तेही दवाखान्याचेच काम. नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीपासूनही वाचवते आणि मलेरियापासूनही.

वारंवार असे होत असेल, दिवसा कामात असताना अनावर झोप येत असेल, किंवा जगणे नको वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटायला लाजू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येते. काही वर्षांपूर्वी अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतल्या गावांत, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर, मानसिक आरोग्याचा एक कार्यक्रम झाला. त्याचे नाव विश्राम. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची दुःखे ऐकावी, अशी त्याची रचना होती. आमच्या आशाताईंनी त्या अंगणात तेच केले.

आपल्या नागपुरात १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले. आज त्यांच्या नावाचे कॉलेज सर्वांना माहीत आहे. ते १८६३ मध्ये पुरात बुडून गेले. त्यांनी मागे ठेवलेली गोंड लोकांविषयीची टिपणे १८६६ मध्ये छापली गेली आणि त्यांत गोंडांची लिंगोची गाथा आहे. शिकवायला आलेल्या मनुष्याने आधी बसून ऐकले आणि लिहून घेतले. मी त्या मुलीच्या दारातल्या चार वाक्यांपैकी एकही नीट ऐकले नव्हते. बाधा हा शब्द मनात आधीच तयार होता.

शेवटी तुमच्याकडे मागणे. वसतिगृहाला या वर्षी ४० मच्छरदाण्या आणि २० खाटा हव्या आहेत, म्हणजे एकही मुलगी जमिनीवर झोपणार नाही. मंडळीत कोणी मानसोपचाराचे शिक्षण घेतलेले असेल, त्यांनी महिन्यातून एक शनिवार आम्हाला द्यावा. आणि तिसरे मागणे पैशाचे नाही. तुमच्या घरात रात्रपाळी करणारी नर्स असेल, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा असेल, नवरा गेलेली सासू असेल. सकाळी चहा देताना त्यांना विचारा, रात्री झोप लागली का? आणि उत्तर नाही असे आले, तर लगेच वचन सांगू नका. जवळ बसा आणि ऐका.

ती मुलगी आता दहावीत आहे. मागच्या महिन्यात एक नवी, पाचवीतली मुलगी रात्री घाबरून उठली. मी पोहोचण्याआधीच ही तिच्या खाटेवर बसली होती, तिचा हात हातात धरून. तिला सांगत होती, “मलेही होत होतं. ताईलेही होते. थांब थोडं, आपोआप सुटते.”

वादळात नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपलेला आपला प्रभू तुम्हाला आणि आमच्या लेकरांना शांत झोप देवो. आमेन.